नळाची सुटका



वसंत ऋतूत व्याख्याने ठेवण्याची कल्पना ज्यांना प्रथम सुचली त्यांना वऱ्हाडातल्या वसंताचा अनुभव नसावा. दिवसभर अकोल्याचे ऊन सोसून, संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून गारव्याला बसायचे सोडून आपण येथे आलात, याबद्दल आधी आपले आभार मानतो. पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘नळाची सुटका’ असा छापला आहे. तो वाचून काल एका मित्राने मला विचारले, “पाण्याच्या नळाविषयी बोलणार काय?” आपल्या गावात तो विषयही कमी जिव्हाळ्याचा नाही! परंतु मी बोलणार आहे तो नळ निषध देशाचा राजा, वीरसेनाचा पुत्र आणि आपल्या विदर्भाचा जावई.

जावई हा शब्द मी मुद्दाम वापरला. विदर्भराज भीमाची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर म्हणून गाव आहे, तेच हे कुंडिनपूर असे परंपरा मानते. आपण सारे त्याला रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखतो. तेथे १९६० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले आणि फार जुन्या वस्तीचे अवशेष वर आणले. रुक्मिणीच्या नावाने त्या गावी आजही माणसे जातात, तेथून पंढरपूरला पालखीही जाते. पण महाभारताच्या वनपर्वात त्याच कुंडिनपुरातल्या दुसऱ्या एका लेकीची कथा आहे. ती दमयंती. रुक्मिणीने आपले हरण घडवून आणले आणि ती सुटली. दमयंतीचे काम अधिक अवघड होते. तिला एका मायावी खेळात अडकलेला नवरा सोडवून आणायचा होता.

या कथेला मायावी खेळाची कथा म्हणणे शोभते, कारण तिच्यातला खेळ खरोखरच झपाटलेला आहे. स्वयंवरात दमयंतीने इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांना सोडून नळाला माळ घातली. उशिरा निघालेल्या कलीला आणि द्वापराला ही वार्ता वाटेत कळली, आणि कलीने नळाला राज्यावरून व दमयंतीपासून दूर करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे कित्येक वर्षे तो नळाच्या भोवती संधी शोधत राहिला. बाराव्या वर्षी एका संध्याकाळी नळाने पाय न धुताच संध्या केली. एवढ्याशा फटीतून कली त्याच्या शरीरात शिरला. द्वापर फाशांत शिरला. मग कलीच्या चिथावणीने नळाचा भाऊ पुष्कर आला आणि म्हणाला, चल, फासे खेळू.

आता थोडे थांबू, आणि कली व द्वापर ही नावे कोठून आली ते पाहू. आपण त्यांना युगांची नावे म्हणून ओळखतो. परंतु ही चारही नावे, कृत, त्रेता, द्वापर आणि कली, जुन्या काळी फाशांच्या दानांची नावे होती. त्या वेळचा फासा म्हणजे आपल्या सारीपाटावरचा चौकोनी फासा नव्हे. बेहड्याची सुकलेली फळे हेच फासे. बेहडा आपल्याला परका नाही. मेळघाटच्या जंगलात तो आहे, आणि हिरडा-बेहडा-आवळा म्हणून त्रिफळा चूर्णाच्या डबीतून तो आपल्या घरोघरी आहे. हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०७ साली प्राचीन भारतातील द्यूतावर प्रबंध लिहिला. त्याने या खेळाची रीत उलगडली ती अशी: फळांचा ढीग असे, त्यातून फळे उचलायची आणि मोजायची. चाराने पूर्ण भाग गेला तर ते कृत, सर्वांत चांगले दान. तीन उरली तर त्रेता. दोन उरली तर द्वापर. आणि एक उरले तर कली, म्हणजे हार.

म्हणजे पाहा, नळाच्या अंगात शिरलेले भूत काय आहे? ती भागाकारातली बाकी आहे! चाराने भागल्यावर उरलेला एक. महाभारतकारांनी त्या बाकीला दैत्याचे रूप दिले, त्याला मत्सर दिला, बोलायला तोंड दिले. ही केवळ कवीची गंमत आहे असे मला वाटत नाही. जुगारी माणसाला हा अनुभव रोज येतो. त्याला अंक दिसत नाही, त्याला वैरी दिसतो. आज आकडा माझ्यावर रुसला, उद्या तो मला साथ देईल, असेच तो बोलतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. त्याच्याही तोंडी फासे जिवंत आहेत, ते ओढतात, भुलवतात, जाळतात. त्या सूक्तात शेवटी सल्ला दिलेला आहे तो यज्ञाचा नव्हे, तर शेतीचा. फासे टाकून दे आणि आपले शेत नांगर, असा त्याचा अर्थ आहे. इतका जुना सल्ला वऱ्हाडात अजून शिळा झालेला नाही.

नळाचा खेळ पुष्कळ महिने चालला. सोने गेले, वाहने गेली, वस्त्रे गेली. नगरातले लोक मंत्र्यांसह राजवाड्याच्या दाराशी आले. राजा, बाहेर ये, प्रजा उभी आहे, असे दमयंतीने रडत सांगितले. नळाने उत्तरच दिले नाही. मला या कथेत सर्वांत भयंकर वाटते ते हे मौन. पुढे वनात वाघ आहेत, अजगर आहे, वणवा आहे. पण दाराशी उभ्या असलेल्या आपल्या माणसांची हाक ज्याला ऐकू येत नाही, तो वनात जाण्याआधीच हरवलेला असतो.

मग दमयंतीने काय केले? तिने कपाळ बडवून घेतले नाही आणि फासेही हिसकावले नाहीत. तिने वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावले. इंद्रसेन आणि इंद्रसेना ही आपली दोन मुले रथात बसवली आणि त्यांना कुंडिनपुरी माहेरी धाडले. घर बुडते आहे हे दिसल्याबरोबर तिने मुले पटावरून उचलून बाजूला ठेवली. सुटकेची पहिली पायरी ही आहे, आणि ती अडकलेल्या माणसाने नव्हे, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने चढलेली आहे.

दुसरी पायरी मात्र नळाची स्वतःची. सर्वस्व हरल्यावर पुष्कर हसून म्हणाला, आता दमयंती तेवढी उरली. वाटल्यास तिला पणाला लाव. नळाचे हृदय फाटले, असे कथाकार सांगतो. त्याने उत्तर दिले नाही, अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी तो बाहेर पडला. हे ऐकणारा कोण होता हे आठवा. काम्यक वनात बृहदश्व ऋषी ही कथा सांगत होते, आणि समोर बसला होता धर्मराज युधिष्ठिर, ज्याने द्रौपदी पणाला लावली होती. माझ्यासारखा अभागी राजा कोणी झाला आहे काय, असे त्याने विचारले म्हणून ही कथा निघाली. ऋषींनी त्याला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. दुसऱ्या एका जुगाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि त्या जुगाऱ्याने कोणती रेघ ओलांडली नाही ते सहज सांगून ते पुढे गेले. धर्मराजाला ते ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी.

राज्य गेले. नळाला जो आसरा देईल त्याला मृत्युदंड, अशी पुष्कराने दवंडी पिटली. तीन रात्री केवळ पाण्यावर काढून दोघे वनाकडे निघाली. भुकेल्या नळाने सोनेरी पंखांच्या पक्ष्यांवर आपले वस्त्र टाकले, तर पक्षी वस्त्रच घेऊन उडाले आणि वरून म्हणाले, आम्ही तुझे फासे आहोत. तुझ्या अंगावर वस्त्र उरले होते म्हणून आम्हाला चैन पडेना. जुगाराचे इतके खरे वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. खेळ सोडून माणूस बाहेर पडतो तरी खेळ त्याला सोडत नाही, उरलेले धोतरही तो मागायला येतो.

आता कथेतला तो प्रसंग येतो ज्यासाठी मी ही गोष्ट अकोल्यात सांगण्याचे ठरवले. नळ दमयंतीला वाटा दाखवतो. हा विंध्य पर्वत, ही समुद्राकडे जाणारी पयोष्णी नदी, ही वाट विदर्भाकडे जाते, ती कोसलाकडे जाते, आणि त्यापलीकडे दक्षिणापथ. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामजवळ आपण जी ओलांडतो ती पूर्णा. विदर्भाची वाट नळ पुन्हा पुन्हा दाखवतो, तेव्हा दमयंतीच्या पोटात गोळा उठतो. ती म्हणते, मला वाट का दाखवता? जायचे तर दोघे मिळून जाऊ, माझे वडील तुमचा मान ठेवतील. नळ म्हणतो, ते राज्य माझेच आहे यात शंका नाही. पण एकदा वैभवाने तेथे गेलो, आता या दशेत कसा जाऊ?

श्रोतेहो, वाट होती. माहीत होती. हाताने दाखवता येत होती. सासऱ्याचे घर उघडे होते. तिच्यावर एकच पहारा होता, तो लाजेचा. त्याच रात्री एका पडक्या धर्मशाळेत नळाने झोपलेल्या बायकोचे अर्धे वस्त्र तलवारीने कापून घेतले आणि तो तिला सोडून गेला. पुन्हा परतला, पुन्हा गेला. कली ओढी, प्रेम मागे खेची, झोपाळ्यासारखे त्याचे मन हेलकावत होते, आणि शेवटी कली जिंकला.

येथे मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. तिच्यातील माणसे आता हयात नाहीत. १९६८-६९ चा सुमार असावा, मी अकरा-बारा वर्षांचा होतो. माझे धाकटे चुलते कापसाची गाडी घेऊन बाजाराला येत आणि येताना खिशात कागदाचा एक चिटोरा घेऊन परतत. त्यावर आकडे असत. रात्री पडलेले स्वप्न, एस. टी. गाडीचा क्रमांक, साधूने उचललेली बोटे, या सगळ्यांतून काका आकडा काढीत. आधी कापसाचे पैसे गेले, मग काकूच्या पाटल्या, मग नदीकडचे शेत. एक दिवस काकाच गेले. आमच्या घरी मोठ्यांनी ठरवले की त्याचे नाव काढायचे नाही. कुळाला काळिमा लागला होता ना! अमरावतीकडे एका जिनिंगमध्ये ते हमाली करतात असे कोणीतरी सांगितले होते. अमरावती येथून किती लांब आहे? सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला परत येतो. पण आमच्यापैकी कोणीही गेले नाही.

दमयंतीने उलट केले. अजगराच्या विळख्यातून, पारध्याच्या हातून, हत्तींनी तुडवलेल्या तांड्यातून वाचून ती चेदी देशात दासी होऊन राहिली आणि पुढे माहेरी पोचली. पोचल्याबरोबर तिने आईला सांगितले, मला जिवंत पाहायचे असेल तर नळाला शोधा. ब्राह्मण चारी दिशांना निघाले. त्यांच्या तोंडी तिने एक निरोप दिला होता: माझे अर्धे वस्त्र कापून घेऊन, निजलेल्या मला टाकून कोठे गेलास, अशा अर्थाचा. हा निरोप ज्याला कळेल तो एकच माणूस जगात होता. तो निरोप दरबारांतून, बाजारांतून, चव्हाट्यांवर बोलला गेला. तिने आपली लाज झाकून ठेवली नाही. तिचीच खूण केली. अयोध्येत ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक नावाचा आखूड हातांचा, कुरूप सारथी होता. निरोप ऐकून तो एकांतात रडला. पर्णाद नावाच्या ब्राह्मणाने ती बातमी कुंडिनपुरी आणली.

बाहुक म्हणजेच नळ. त्याचे रूप कसे पालटले तेही ऐकण्यासारखे आहे. वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला त्याने उचलून बाहेर काढले. नाग म्हणाला, पावले मोजत चल. नळ मोजू लागला, आणि दहाव्या पावलाला ‘दश’ म्हणताच नाग डसला, कारण संस्कृतात दश म्हणजे दहा आणि दश म्हणजे चाव, असे दोन्ही होते. हे विष तुला नव्हे, तुझ्यात बसलेल्याला जाळील, असे नागाने सांगितले. तेव्हापासून कली आतल्या आत भाजत होता. त्याला जाळणारी दुसरी गोष्ट होती दमयंतीचा शाप, ज्याने नळाला हे दुःख दिले त्याला याहून मोठे दुःख होवो असा, तिने वनात उच्चारलेला. म्हणजे कली दुबळा झाला होता. पण निघाला नव्हता. तो निघाला एका झाडाखाली.

दमयंतीने युक्ती केली. उद्या सूर्योदयाला माझे दुसरे स्वयंवर आहे, असे तिने एकट्या ऋतुपर्णाला कळवले. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणील असा सारथी जगात एकच होता. रथ सुटला. वाटेत राजाचे उपरणे उडाले. थांब म्हणेपर्यंत ते एक योजन मागे राहिले होते. सारथ्याचे हे कौशल्य पाहून राजालाही आपली विद्या दाखवावीशी वाटली. वाटेवर बेहड्याचे झाड होते. राजा म्हणाला, या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. नळाने रथ थांबवला. मी मोजून पाहतो, म्हणाला. राजा घाबरला, उशीर होतो आहे! नळ म्हणाला, तर मग तुम्ही वार्ष्णेयाला सारथी करून पुढे जा, किंवा मुहूर्तभर थांबा. त्याने झाड पाडले, फळे मोजली. दोन हजार पंच्याण्णव भरली.

हे कसे साधले असे त्याने विचारले, तेव्हा ऋतुपर्ण म्हणाला, मला फाशांचे हृदय माहीत आहे आणि मी गणनेत निष्णात आहे. या दोन गोष्टी तो एका दमात सांगतो, हे लक्षात घ्या. फाशांचे मर्म आणि मोजण्याची विद्या त्याच्या दृष्टीने जवळजवळ एकच आहे. ज्या फळांचे फासे होतात त्याच फळांचे झाड त्याने उदाहरणाला घेतले आहे. नळाने अश्वविद्या देऊ केली आणि अक्षहृदय घेतले. ते घेताक्षणी कली विष ओकत बाहेर पडला, हात जोडून उभा राहिला आणि बेहड्यात शिरला. तेव्हापासून बेहडा अशुभ मानला गेला, असे कथा सांगते.

इयान हॅकिंग या कॅनडातील तत्त्वचिंतकाने १९७५ साली संभाव्यतेच्या कल्पनेच्या उगमावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नळाच्या या झाडाची दखल घेतली आहे. युरोपात सतराव्या शतकात पास्कल आणि फर्मा यांनी जुगाराच्या प्रश्नांवरून जे गणित उभे केले, त्याच्या फार आधी एका भारतीय कथेत जुगार आणि थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या त्याला दिसल्या. याचा अर्थ आपल्याकडे सारे आधीच होते, असा डंका वाजवावा असे मी म्हणत नाही. कथेत त्या विद्येचे सूत्र दिलेले नाही. पण दोन फांद्यांवरून झाड जोखण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही. पीककापणी प्रयोगासाठी शेतात ठराविक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापतात, तोलतात आणि त्यावरून साऱ्या गावाचे उत्पन्न ठरवतात. आणेवारी, विमा, सारे त्यावर अवलंबून असते. ऋतुपर्ण आज असता तर कृषी खात्यात त्याला बरी नोकरी मिळाली असती!

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नळाने अक्षहृदय शिकून केले काय? महिनाभर कुंडिनपुरी राहून तो निषधाला परतला, पुष्कराबरोबर पुन्हा फासे खेळला आणि एकाच डावात राज्य जिंकले. म्हणजे शहाणपणाने जुगार खेळा, जिंकाल, असेच ही कथा शिकवते की नाही? आज मोबाइलवर जुगार विकणारे हेच तर सांगतात: खेळ कौशल्याचा आहे, शिका आणि कमवा.

याचे उत्तर आपल्याला कापसाच्या बाजारात शोधावे लागेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडण्याचा आणि बंद होण्याचा जो भाव फुटे तो तारयंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात येई, आणि त्याच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. कापूस पिकवायचा आपण, भाव फुटायचा न्यूयॉर्कला आणि सट्टा व्हायचा मुंबईत! १९६१ साली ते आकडे येणे बंद झाले, पण पैजा थांबल्या नाहीत. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला ‘मटका’ सुरू केला. कापूस गेला, आकडा उरला. पुढे पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा, अशी रीत पडली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र त्या कापसाच्या भावाचेच राहिले.

या खेळाचे हृदय मी आपल्याला दोन मिनिटांत सांगतो, त्यासाठी ऋतुपर्णाची गरज नाही. शून्यापासून नऊपर्यंत दहा अंक. एका अंकावर रुपया लावला आणि तो आला तर साधारणपणे नऊ रुपये मिळत. समजा दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर दहा दहा रुपये लावले. शंभर रुपये जमले. एकजण नक्की जिंकेल, त्याला नव्वद मिळतील, गावात पेढे वाटले जातील. दहा रुपये कोठे गेले? आता हेच नव्वद पुन्हा त्याच रीतीने खेळात घाला. एक्क्याऐंशी परत येतील. असे दहा वेळा करा, मूळ शंभरांतले सुमारे पस्तीस उरतील. वीस वेळा करा, सुमारे बारा उरतील. यात कोणी लबाडी केलेली नाही, पत्ता लपवलेला नाही. आकडा प्रामाणिकपणे काढला तरी हेच होणार. लबाडी असेल तर लवकर होईल, इतकेच.

पुष्कराच्या घरचा खेळ दोन माणसांचा होता. एक हरला की दुसरा जिंके. म्हणून अक्षहृदय जाणणारा नळ राज्य परत मिळवू शकला. आजच्या खेळात पुष्कर आपल्यासमोर बसतच नाही. तो पट मांडून बाजूला राहतो आणि प्रत्येक डावातून आपला दहावा हिस्सा काढून घेतो. अशा खेळाचे हृदय कळणे म्हणजे जिंकण्याची युक्ती कळणे नव्हे. येथे जिंकणे नाहीच, हे कळणे. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचे मी स्वागत करतो. पण मटक्यावर बंदी असतानाच माझ्या काकांचे शेत गेले, हेही मी विसरू शकत नाही. कायदा दुकान बंद करू शकतो. माणसाच्या आत बसलेला कली त्याच्या हिशेबानेच निघतो.

आपल्या वऱ्हाडात हे काम एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर केले. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. सावकारी कर्जात मामांची शेती गेली, हे त्यांच्या चरित्रात आपण वाचतो. पुढे ते कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांनी शाप दिले नाहीत, मंत्र दिले नाहीत. ते समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि कर्जाचा, दारूचा, नवसाच्या बोकडाचा हिशेब त्यांच्याच तोंडून वदवून घेत. फळे मोजायला झाडाखाली थांबवण्याचाच तो प्रकार होता.

माझ्या काकांचे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. तीन वर्षांनी ते आपले आपणच परत आले. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हते. काकूने ताट वाढले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून शाळेची एक कोरी वही मागून घेतली, मला तिच्यावर मधोमध उभी रेघ मारायला सांगितले आणि ती वही काकांपुढे ठेवली. ती चार बुके शिकलेली होती. ती एवढेच म्हणाली, “तुमी खेयता तं खेया. मी काही म्हनत नाही. पन गेले ते बी लिवा, अन् आले ते बी लिवा.”

काका लगेच सुधारले असे मी सांगणार नाही. ते आणखी वर्षभर खेळले. सुरुवातीला आलेले तेवढेच लिहीत. काकू गेलेले विचारून लिहवून घेई. एका बाजूला आकड्यांची रांग खाली उतरत गेली आणि दुसऱ्या बाजूला चारदोन आकडे उभे राहिले. एक दिवस पोळ्याच्या आधी त्यांनी वही मांडीवर घेतली, दोन्ही बाजूंची बेरीज केली, पुन्हा केली, आणि मला बोलावून माझ्याकडून ताळा करून घेतला. मग ते पुष्कळ वेळ ओट्यावर बसून होते. त्यानंतर त्या वहीत नवीन पान लिहिले गेले नाही. नदीकडचे शेत परत आले नाही. काका मात्र परत आले होते.

नळाने पुष्कराला मारले नाही. त्याचा वाटा देऊन, आशीर्वाद देऊन त्याला घरी पाठवले, कारण यात तुझा दोष नव्हता, कलीचा होता, असे तो म्हणाला. आणि कथा संपल्यावर बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला नुसता धीर दिला नाही, त्याला अक्षहृदय शिकवले, कारण पुन्हा कोणी आव्हान देईल ही त्याच्या मनातली भीती त्यांनी ओळखली होती. भीती घालवायची तर ज्ञान द्यावे, असे त्या वृद्ध ऋषींना वाटले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा एखादा नळ असेल. रात्री पांघरुणात त्याच्या हातातला उजेड दिसत असेल, आणि सकाळी तो प्रश्नांना उत्तर देत नसेल. त्याचे नाव टाकू नका. मुलांचे तेवढे आधी सुरक्षित करा, मग त्याला शोधायला माणूस धाडा, आणि तो आला की त्याला वाढा. हिशेबाची वही दुसऱ्या दिवशी काढली तरी चालेल.